सासूबाईंची मांजर आणि जावयाचा सोफा

सोफे शिवणाऱ्याच्या स्वतःच्या घरी सोफा धड नसतो, असं म्हणतात. याच्या घरी होता. बायकोने वर्षानुवर्षं वाट पाहिली, मग बोलणंच टाकलं, तेव्हा कुठे तो शिवून झाला. तेवढ्यात सासूबाई कायमच्या राहायला आल्या. सामान फारसं नव्हतं: एक बॅग, एक बोचकं आणि ठमी नावाची म्हातारी मांजर.

"आमचा काही त्रास व्हायचा नाही हो तुम्हाला," त्या दारातच म्हणाल्या.

एका दुपारी तो दुकानातून जेवायला आला, सोफ्यावर टेकला आणि चटकन उठला. गादीची चेन पुढे आली होती. चेन मागे असते; जन्मभर त्याने ती मागेच लावली होती. गादी उचलून बघितली, तर खालच्या अंगाला पुसून पुसून पांढुरका झालेला डाग. शेजारची उचलली. तिथेही तेच.

"आई, ठमी ओकते का हो?"

"छे! घशात एखादा केस अडकतो कधीतरी."

"आणि तो दर वेळी मखमलीवरच येऊन सुटतो?"

सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. हातात ओलं फडकं होतं, म्हणजे आतही काहीतरी पुसणं चालू होतं.

"वय झालंय तिचं. खाते नि टाकते, म्हातारपणी व्हायचंच. तुम्ही म्हणाल तर गॅलरीत ठेवते तिला. मीही बसेन तिथेच. वारा छान येतो."

त्याला राग यायला हवा होता. मखमल भारीतली होती. पण त्याचं लक्ष ठमीकडे गेलं. बशी चाटूनपुसून लख्ख, आणि पाठीचे मणके वरून मोजून घ्यावेत असे. या घरात सगळ्यांच्या अंगी नुसतं पाणीदेखील लागायचं. इतकं खाऊन वाळणारं कुणी त्याने पाहिलं नव्हतं.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी ठमीचा गळा चाचपला. "किती वेळा होतात उलट्या?"

सासूबाईंनी जावयाकडे पाहिलं. "कधीतरी."

"आई, खरं सांगा. गाद्या काय, पुन्हा शिवीन. ठमी मला शिवता येत नाही."

"रोज," त्या म्हणाल्या, आणि मग थांबेचनात. जेवल्याजेवल्या सगळं बाहेर. तरी भूक म्हणून सरत नाही. पाणी ढसाढसा पिते. रात्री ओरडत फिरते, तुमची झोपमोड नको म्हणून मीच कुशीत घेऊन बसते.

"वय म्हणजे रोग नव्हे, आजी. आधीच यायला हवं होतंत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "थायरॉइड वाढलेलं वाटतंय. रक्त तपासू. तेच निघालं तर औषध आहे, आणि खाणं थोडं थोडं द्यायचं. अजून बराच काळ छान काढेल ही."

गाडीत सासूबाई पिंजरा मांडीवर घेऊन बसल्या. मग म्हणाल्या, "ठेवायची ना हिला?"

"हिला काढली तर तुम्ही जाणार. तुम्ही गेलात तर तुमची लेक मला काढणार. या वयात मी कुठे जाऊ?"

त्या हसल्या. "एक बोलू? सोफा फार कडक केलायत हो. कंबर धरते माझी."

घरात आल्यापासूनची ही त्यांची पहिली तक्रार. त्याने गाडी दुकानाकडे वळवली. मऊ फोम तिथेच होता.