तांदळात लिहिलेलं नाव

सरोजिनीकाकूंचं डोकं मघापासून तापलं होतं. अमेरिकेहून कोल्हापूरला आलेला पुतण्या शार्दूल लॅपटॉपवर बायकोची वंशावळ दाखवत होता. तिचा खापरपणजोबा नील्स डेन्मार्कहून कुठल्या जहाजानं आयोवात आला, कुठं शेती केली, सगळं सापडलं होतं. नील्सच्या बायकोचं माहेरचं नावसुद्धा.

"आता आपली पणजी. तिचं माहेरचं नाव?"

"लग्नात तांदळात लिहून अन्नपूर्णा ठेवलं की," बंडूकाका म्हणाले. "आधीचं कशाला पायजे?"

काकूंनी चहाचा ट्रे आदळला. "माझंबी तुम्ही तसंच बदललंसा. आधीचं काय हुतं, सांगा!"

चाळीस वर्षं संसार केलेले काका बंद पंख्याकडं बघत बसले.

"शार्दूल, दोघींच्याबी पुढं लिही," काकू कडाडल्या, "माहीत न्हाय!"