हिरवा पडदा आणि लिलाबाईंचा चुडा

मित्रांनो, तुम्ही मला शेकडो फोटोंत पाहिलं असेल आणि एकदाही पाहिलं नसेल. गोंधळलात ना? मीही गोंधळलेलोच आहे. मी एक जुना हिरवा पडदा आहे. माणूस माझ्यासमोर नाचतो आणि नंतर कॉम्प्युटर चित्रातला हिरवा रंग तेवढा पुसून टाकतो. माझ्या जागी समुद्र येतो, आग येते, चांदण्या येतात. पुसायचंच होतं, तर मला एवढी इस्त्री कशाला करतात, हे कोडं मला आजवर सुटलेलं नाही.

इचलकरंजीच्या यंत्रमागावर मी विणला गेलो. पहिली काही वर्षं महाळुंग्याच्या एका फोटो स्टुडिओत गेली. लग्न ठरलेली जोडपी माझ्यासमोर लाजत उभी राहायची आणि फोटोत बर्फाच्या डोंगरात निघायची. लोक जागेचं कौतुक करत. माझं नाव कुणी काढत नसे. मग स्टुडिओ बंद पडला आणि मी दोन वर्षं बोळा होऊन पोत्यात पडलो. उंदरांनी एक कोपरा कुरतडला. तिथून मला स्वानंदने आणलं.

स्वानंद मूळचा परभणीचा, राहतो नांद्याला. आठवडाभर ऑफिस, आणि सुट्टीत लॅपटॉपवर धडधडतं नाचाचं संगीत करणं. नव्या गाण्याच्या व्हिडिओसाठी त्याने मला कोळवणच्या एका फार्महाउसच्या रिकाम्या गोठ्यात टांगलं. कॅमेरा त्याच्या मैत्रिणीकडे, अपूर्वाकडे होता. नाचणार होत्या लिलाबाई. त्या वरच्या वाडीतल्या, फार्महाउसवर झाडलोट करायला येत. झाडू हातात असतानाच त्यांनी घेतलेली एक गिरकी अपूर्वाने पाहिली आणि हट्टच धरला.

लिलाबाई तयार झाल्या त्या लेकीसाठी. आठवड्यापूर्वीच रोहिणीचं लग्न झालं होतं. "पोर सासरहून रोज फोनवर रडती," त्या म्हणाल्या. "तिला दिसू द्या, आय मजेत हाय."

खिडक्यांना पोती लावून भरदुपारीच अंधार केला. धूर सोडला. ठेक्यागणिक दिवा लखलखे आणि विझे. लिलाबाई अशा नाचल्या की माझे चिमटेसुद्धा हलले! मग सगळे लॅपटॉपभोवती जमले. माझ्या जागी जाळ उसळत होता. एका लिलाबाईंच्या आठ झाल्या होत्या. घेतलेली गिरकी उलटी फिरत होती. मला तर घेरीच आली.

एवढ्यात लिलाबाई किंचाळल्या. "माझी मनगटं कुटं गेली?"

खरंच नव्हती. तळवे वेगळे, कोपरं वेगळी, आणि मधे नुसता जाळ. त्यांच्या हातात लेकीच्या लग्नात भरलेला मनगटभर हिरवा चुडा होता. कॉम्प्युटरने त्यालाही पडदाच समजून पुसलं होतं. हिरव्यासमोर हिरवं चालत नाही, हे अपूर्वाला पक्कं ठाऊक होतं. तिने साडीचा रंग पाहिला, चोळीचा पाहिला, बांगड्यांकडे मात्र तिचं लक्षच गेलं नाही.

"कसलं भारी दिसतंय!" स्वानंद म्हणाला. "असंच ठेवू."

"भारी?" लिलाबाई म्हणाल्या. "मनगट मोकळं बघून पोरीला वाटंल, तिच्या बापाचंच काय झालं! ऊर फुटंल तिचा."

"मग मावशी, थोडा वेळ बांगड्या काढता?"

"लग्नाचा चुडा हाय, सायेब. आपणहून उतरवायचा न्हाई. न्हाई जमत तर मी चालले."

त्यांनी झाडू उचलला. स्वानंदचा चेहरा उतरला. अपूर्वा मात्र उठली आणि सरळ माझ्याकडे आली. "चूक माझी आहे, मावशी. पडदाच काढू," ती म्हणाली.

माझे चिमटे निघाले आणि मी धुळीत पडलो. मला वाईट वाटलं, आणि का कोण जाणे, हायसंही वाटलं. माझ्या जागी पेंढ्यावरची काळी ताडपत्री आली. पुन्हा ठेका, पुन्हा लखलखता दिवा. काळ्यावर तो हिरवा काचेचा चुडा असा चमकला की स्वानंदच "अरे!" म्हणाला. अपूर्वाने नंतर प्रत्येक ठोक्याला चित्र कापलं. ठोका पडला की बांगड्या, पुन्हा ठोका की लिलाबाईंचं हसू. ना समुद्र, ना आग.

पुढच्या आठवड्यात व्हिडिओ बघून रोहिणीचा फोन आला. लिलाबाई तेव्हा माझी धूळ झटकत होत्या. "आये, चुडा लई झ्याक दिसतुया," ती म्हणाली. आणि त्या दिवशी ती रडली नाही. लिलाबाईंनीच डोळ्यांना पदर लावला.

मित्रांनो, ज्या व्हिडिओत मी नाही, तोच मला माझा का वाटतो, हेही मला कळत नाही. पण एवढं मागतो. मला बोळा करून फेकू नका, नीट घडी घाला. आणि टांगण्याआधी समोरच्या माणसाकडे एकदा निरखून बघा. त्याच्या जिवाभावाचं काही माझ्यामुळे पुसलं जाणार असेल, तर खुशाल मला खाली उतरवा.