भांडणांचं वेळापत्रक

लिफ्टमास्तरांच्या मेंदूचा फोटो आला, तेव्हा त्यांची बायको आधी रंगांवरच खूश झाली. जन्मभर लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या डोक्यात एवढे रंग असतील असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. डॉक्टरांनी पेन टेकवून समजावलं. लाल तिथे रक्त भरपूर, निळं तिथे कमी. मागच्या बाजूला एक निळा डाग होता. असा डाग असलेले बरेच जण पुढे विसरत जातात, पण सगळे नाही. सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं ठरलं.

"म्हणजे हे मला विसरणार?" तिने विचारलं.

"आत्ता नाही सांगता येणार," डॉक्टर म्हणाले.

फोटोत मान हलली होती, म्हणून दुसऱ्या दिवशी तो परत काढला. त्या दिवशी हॉस्पिटलच्या लिफ्टने गचका दिला आणि मास्तर लिफ्टवाल्याशी असे काही भांडले की पहारेकरी धावत आला. नव्या फोटोत डाग किंचित गुलाबी दिसला. एवढ्यातेवढ्या फरकाला अर्थ नसतो, असं डॉक्टर घसा कोरडा पडेस्तोवर सांगत होते. पण लेक ऐकतेय कुठली! भांडलं की डोक्यात रक्त चढतं असं धरून तिने घरी येऊन फ्रिजवर भांडणांचं वेळापत्रक चिकटवलं.

सोमवारी लेक. बुधवारी जावई. शुक्रवारी शेजारचे निवृत्त न्यायाधीश आणि रविवारी बायको. जावई बिचारा सज्जन. "बाबा, राग मानू नका, पण तुम्ही एक नंबरचे हेकट आहात," असं म्हणून लगेच पाणी आणून द्यायचा. न्यायाधीश दोन्ही बाजू स्वतःच मांडायचे आणि निकाल मास्तरांच्या विरुद्ध द्यायचे. मास्तरांचा आवाज तिसऱ्या घरापर्यंत जायचा, मग ते चार घास जास्त जेवायचे. गडी खुशीत होता.

बायकोचं मात्र घोडं अडलं. ओला टॉवेल झाला, टीव्हीचा आवाज झाला, घोरणं झालं. एका रविवारी खोटं काही सुचेना, तेव्हा खरं होतं ते बाहेर पडलं.

"माझी आई गेली तेव्हा तुम्ही आला नाहीत! फोन केला तर म्हणालात, सातव्या मजल्यावर लिफ्ट अडकलीय. सव्वीस वर्षं गिळून बसलेय मी!"

मास्तरांनी टीव्ही बंद केला.

"चुकलंच माझं," ते म्हणाले. "लिफ्टमध्ये कुणी नव्हतं गं. गेलेल्या माणसाच्या घरी काय बोलायचं ते मला कळत नाही. म्हणून तिथेच जिन्यात बसून राहिलो."

ती पोटभर रडली. लेकीने स्वयंपाकघरातून विचारलं, "चढला का रंग?" इतक्या वर्षांत बायकोला नवरा एवढा आवडला नव्हता.

पुढच्या रविवारी मास्तर दाढी करून तयार बसले. "बोल, आज काय काढतेस?"

"काय काढू? आईचं तर मिटलं."

"आईचं काय?"

ते थट्टा करताहेत असं वाटून तिने पुन्हा सगळं सांगितलं. मास्तरांनी टीव्ही बंद केला. "चुकलंच माझं. लिफ्टमध्ये कुणी नव्हतं गं..." शब्द तेच. आवाजही त्याच शब्दाला अडला. डागाचं काय झालं ते कळायला तिला आता यंत्राची गरज उरली नव्हती.

लेकीला ती काहीच बोलली नाही. त्यानंतर दर रविवारी ती फक्त टॉवेलवरून भांडली.

सहा महिन्यांनी दोघं फोटोसाठी रांगेत बसली. मास्तर तिच्याकडे वळले.

"तुझी आई बरी आहे ना गं?"

तिने त्यांचा हात हातात घेतला. "आई गेली, अहो. खूप वर्षं झाली."

मास्तर दचकले. घाबऱ्या नजरेने तिच्याकडे बघत म्हणाले, "मी आलो होतो ना?"

"आलात की," ती म्हणाली. "लिफ्ट तशीच सोडून धावत आलात."

त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

"बरं केलं," ते म्हणाले. "रिकामीच होती ती."