गिनतीत उभा राहिलेला

सुटका झाली असं तुम्हीच लिहून देता, साहेब, आणि मग तुम्हीच ते लिहिलेलं मानत नाही. जागेश्वरला दीड वर्षाची सजा तुम्ही दिली, ती त्याने पूर्ण भोगली. त्यानंतरची सजा कुठल्या कलमाखाली चालू होती, हे तुमच्यापैकी एकानेही त्याला सांगितलं नाही. नोकरीच्या कचेरीत खिडकीमागे बसलेला बाबू तेवढा बोलायचा. तो म्हणायचा, "पुढचा."

त्या सोमवारीही तो तेच म्हणाला. जागेश्वर खिडकी सोडेना. आत हात घालून त्याने आपला कागद पुन्हा सरळ केला आणि विचारलं, "मंग मी कवा येऊ जी?" बाबूने कागदाकडे नाही, त्याच्या हाताकडे पाहिलं, आणि टेबलावरचा काचेचा पेपरवेट हळूच आपल्याकडे ओढून घेतला. तो पेपरवेट कोणी घरपोच आणून दिला असता तरी जागेश्वरने ठेवला नसता. पण हे बाबूला कोण सांगणार? त्या साली दिल्लीचं सरकार बदललं, खिडकीतला बाबू काही बदलला नाही.

चोरी त्याने केली होती, त्यात खोटं काही नाही. जागेश्वर हातमागावरचा माणूस. नागपुरात गोळीबार चौकाच्या मागच्या गल्लीत बापाचा माग होता, त्यावर तो लुगडी विणायचा. सूत कोट्यावर मिळायचं, आणि कोटा वाटणाऱ्या कचेरीत 'सूत आलं नाही' एवढं ऐकण्यासाठी विणकरांना रोज बाकावर बसून राहावं लागायचं. बाकाच्या वर पंखा होता. विणकर येऊन बसले की तिथला शिपाई उठायचा आणि पंख्याचं बटण बंद करायचा. असा एक उन्हाळा गेला. मग एका रविवारी जागेश्वरने कचेरीच्या मागच्या खिडकीतून आत जाऊन तो पंखा काढला, चादरीत गुंडाळला आणि सायकलवर घालून घरी आणला. पोलिसांना फार शोधावं लागलं नाही. रिकाम्या मागाच्या वर, आढ्याला, पंखा लटकत होता. फिरत मात्र नव्हता, कारण घरात वीजच नव्हती.

याबद्दल चंद्रकलेने, त्याच्या बायकोने, त्याला अजून माफ केलेलं नाही. चोरीचं ती फारसं काढत नसे. "पंखा आणला तं आणला," ती म्हणायची, "पण घरी लाइट हाये का नाही, एवढं तं पाह्याचं होतं."

वकिलापायी माग विकला गेला. जागेश्वर आत होता तोवर चंद्रकला उमरेडला भावाच्या मागावर राबली, आणि तो सुटला तशी बोचकं घेऊन परत आली. भावाला ते रुचलं नाही. रुपराव त्याचं नाव. बोलायला गोड, पण बहिणीचा हात मागावर चांगला चालतो हे तो विसरणारा नव्हता. तिला पोचवून परत जाताना त्याने जागेश्वरला निक्षून सांगितलं, "जवाई, भाऊबीजेले येतो. नौकरी लागली असन तं ओवाळून घेतो अन् जातो. नसन लागली तं बहीण घेऊन जातो."

तेव्हापासून जागेश्वर पायाला भिंगरी लावल्यासारखा हिंडत होता. शहरात तेव्हा माणसं पुरवणारी दुकानं निघू लागली होती. कोणी लग्नाला वाढपी पुरवायचा, कोणी रेल्वे यार्डाला हमाल, कोणी कारखान्यांना वॉचमन. धंदा सोपा. खुर्ची एक, टेबल एक, आणि दाराबाहेर गरजू माणसांची रांग. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, याआधी कुठं होता?

पहिल्या ठिकाणी त्याने थाप मारून पाहिली. सावनेरकडे कोळशाच्या खाणीत होतो म्हणाला. नशीब असं की त्या ठेकेदाराचा साडूच तिकडे खाणीत होता. त्याने विचारलं, तिथला मुन्शी कोण? जागेश्वरला ऐन वेळी एकही पुरुषाचं नाव आठवेना. घाबरून तोंडातून आईचं नाव निघून गेलं. खाणीचा मुन्शी जनाबाई आहे हे त्या ठेकेदाराला काही पटलं नाही. तिथून पुढे जागेश्वर खरं बोलू लागला. सत्यावर प्रेम म्हणून नव्हे, खोट्याला लागणारी अक्कल आपल्याकडे नाही म्हणून. आणि खरं बोलल्यावर दार बंद व्हायला वेळही कमी लागायचा.

खरी अडचण निराळीच होती, आणि ती फक्त चंद्रकलेला ठाऊक होती. तुरुंगात संध्याकाळी भोंगा वाजून कोठड्या बंद होतात तेव्हा गिनती, म्हणजे मोजणी, घेतात. सगळे कैदी जोडीजोडीने उकिडवे बसतात, हात गुडघ्यांवर, मान खाली, आणि मोजणारा डोक्यांवरून हात फिरवत जातो. सुटून आल्यावर पहिल्याच संध्याकाळी गिरणीचा भोंगा वाजला आणि जागेश्वर हातातला चहाचा कप खाली ठेवून भिंतीशी उकिडवा बसला. मान खाली. शेजारची जागा त्याने रिकामी सोडली होती.

चंद्रकलेने चुलीपुढून ते पाहिलं. ती उठली, पदर खोचला आणि त्या रिकाम्या जागेवर त्याच्यासारखीच उकिडवी बसली. मग ती म्हणाली, "झाली का गिनती?"

"हो."

"मंग उठा जी. सुटले तुम्ही."

रोज भोंगा वाजायचा, रोज तो बसायचा, आणि रोज ती त्याला उठवायची. हळूहळू बसणं अर्ध्यावर आलं. पुढे गुडघे नुसते वाकायचे, आणि चुलीकडून आवाज यायचा, "सुटले तुम्ही." मग तो सरळ व्हायचा. गणपती गेले, दसरा आला, तोवर गुडघ्यांना ती गोष्ट बरीचशी पटली होती.

दसऱ्याच्या तोंडावर तो सीताबर्डीला भैयाजींच्या ऑफिसात गेला. सायकलच्या दुकानावर माडी, तिच्यावर पाटी, 'नृसिंह पहारा सर्व्हिस, वॉचमन मिळतील'. भैयाजी गोरे, गुबगुबीत, बोटांत तीन अंगठ्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "पहले कहाँ थे?"

"जेलात होतो जी."

भैयाजींचं पेन थांबलं. "काहे के लिए?"

"पंखा चोरला होता."

भैयाजींनी सावकाश मान वर करून छताकडे पाहिलं. पंखा जागेवर होता. मग त्यांनी जागेश्वरला एक लांबलचक भाषण दिलं. आपल्याकडची सगळी माणसं कशी गंगेत धुतल्यासारखी आहेत, एकेकाने दोन-दोन प्रतिष्ठितांचे दाखले कसे आणलेत, एक डाग म्हणून कुणाच्या अंगावर नाही. पण आपल्याला मोठं काळीज दिलं आहे देवाने, त्याला आपण काय करणार? ठेवून घेतो. पगार मात्र इतरांपेक्षा कमी. का, तर विश्वासाचे पैसे वेगळे असतात. जागेश्वरने तेही मान्य केलं. भाऊबीज जवळ आली होती.

खाकी कपडे दोन माणसं मावतील एवढे मोठे मिळाले. शिवाय पट्टा, टोपी, शिटी. घरी येऊन त्याने शिटी वाजवून दाखवली, तशी गल्लीतली सगळी पोरं आणि एक कुत्रा दारात जमा झाले. चंद्रकलेने पँट आत घेऊन शिवून दिली, आणि उमरेडला कार्ड धाडलं की नोकरी लागली, दादा ये, पण पिशवी लहान आण.

काम हिंगण्याला, बिस्किटांच्या कारखान्यावर. तिथे वॉचमनांचा म्होरक्या देवाजी नावाचा म्हातारा होता. मिशा पांढऱ्या, अंगावरचे कपडे कडक, आणि तोंडात सदा चांगल्या चालचलनाची भाषा. जागेश्वर कुठून आला हे भैयाजींनीच त्याला सांगून ठेवलं होतं. रोज गेटवर आल्याबरोबर देवाजी म्हणायचा, "काय गा पंखेवाले, आज कोन्ता बल्ब मोजून ठेवू?" आणि बाकीचे पोट धरून हसायचे.

या देवाजीच्या काही खोडी होत्या. जेवताना तो डावा हात ताटाभोवती कुंपणासारखा धरायचा. बंद दारापाशी आला की स्वतः दार लोटत नसे. कोणी उघडेपर्यंत थांबून राहायचा. बिडीचं थोटूक टोपीच्या घडीत लपवायचा. जागेश्वर हे सगळं पाहायचा आणि म्हातारा माणूस आहे म्हणून सोडून द्यायचा. माणसाला आपला डाग एवढा मोठा दिसतो की दुसऱ्याचा दिसतच नाही.

दिवाळीला चार दिवस असताना कारखान्याचे मॅनेजर साहेब पहारा बघायला येणार असं ठरलं. मुंबईकडचा, बुटांवर धूळ बसू न देणारा माणूस. करार वाढवायचा की मोडायचा, हे त्याच्या हातात होतं. भैयाजी स्वतः हजर होते, कपाळाला टिळा लावून. कारखान्याने नवा सुरक्षा अधिकारी नेमला होता, तोही त्या दिवशी पहिल्यांदाच आला. पोट पट्ट्याच्या बाहेर, आवाज पहाडी. कुठल्याशा जेलमधून सुभेदार म्हणून रिटायर झालेला. बाकीच्यांना हे माहीत नव्हतं, आणि त्यालाही या माणसांविषयी काही माहीत नव्हतं. बिचारा सरळ मनाने कामाला लागला होता.

गेटच्या आत सगळे रांगेत उभे केले. सुभेदाराने मिशीवर हात फिरवला, माणसांकडे पाहिलं, मोजायचं म्हणून तोंड उघडलं, आणि त्याची सगळी नोकरीच तोंडातून बाहेर पडली.

"जोडी-जोडी बैठ!"

धप्पकन सगळी रांग खाली बसली. जोडीजोडीने, उकिडवी, हात गुडघ्यांवर, मान खाली. एक जोडी वाकडी होत होती तर देवाजीने बसल्याबसल्या शेजाऱ्याची बाही ओढून ती सरळ केली. सुभेदार डोक्यांवरून हात फिरवत निघाला. चेहऱ्यावर असं समाधान, जसा लांबच्या गावाहून माणूस घरी पोचावा. शेवटच्या जोडीपाशी त्याचा हात डोक्याऐवजी एका पट्ट्याच्या बकलावर पडला.

जागेश्वर उभा होता. गुडघे त्याचेही वाकले होते. पण वाकता वाकता कानात चुलीकडचा आवाज आला, आणि ते सरळ झाले.

"तू काहून उभा?" सुभेदार सवयीने खेकसला.

"मी सुटलो ना, साहेब," जागेश्वर म्हणाला.

सुभेदाराचा हात हवेत राहिला. त्याने खाली बसलेल्या रांगेकडे पाहिलं, आणि आता कुठे त्याला कळलं की आपण कुठे आहोत आणि आपल्यासमोर कोण बसलं आहे. भैयाजीही एव्हाना खाली झाले होते, बुटाची नाडी बांधायला. त्यांच्या पायात चपला होत्या.

मॅनेजर साहेबांनी टाळ्या वाजवल्या. अशी शिस्त आपण नागपुरात पहिल्यांदा पाहिली, असं ते इंग्रजीत म्हणाले. मग उभ्या माणसाकडे बोट करून त्यांनी विचारलं, "और ये? ये कहाँ से छूटा है?"

मग जागेश्वरनेच सांगितलं. त्याला विचारलं होतं, म्हणून.

करार वाढला. बसलेल्यांना बिस्किटांचा एकेक पुडा मिळाला. उभा राहिलेल्याला भैयाजींनी बाजूला घेऊन, अगदी जड आवाजात, उद्या कपडे जमा करायला सांगितलं.

सायकल काढताना देवाजी मागून आला. त्याने आपला पुडा जागेश्वरच्या हँडलला अडकवला.

"मी अमरावतीले होतो गा," तो म्हणाला. "तुले उभं राहाले कोनं शिकोलं?"

"बायकोनं."

देवाजीने मान हलवली. "माही तं मी सुटाच्या आंधीच चालली गेली," तो म्हणाला, आणि गेटपाशी जाऊन कोणीतरी गेट उघडायची वाट पाहत उभा राहिला.

चंद्रकलेने सगळं ऐकलं आणि आधी तोंडात पदर कोंबून हसली. भैयाजींच्या नाडीपाशी तर तिला भिंत धरावी लागली. मग हसू संपलं. तिने खाकी कपडे धुतले, लोट्यात निखारे घालून इस्त्री केली. जागेश्वरने रुपरावचं नाव काढलं तेव्हा ती म्हणाली, "दादाले ओवाळीन अन् वाटेला लावीन. तो माहा भाऊ हाये, जेलर नाही."

दुसऱ्या दिवशी, दिवस कलताना, दोघं सीताबर्डीला गेले. कपड्यांचं गाठोडं तिच्या डोक्यावर. माडीवर दिवाळीच्या पगारासाठी बाकावर माणसं बसली होती, पहिला देवाजी. भैयाजींनी पट्टा तपासला, टोपी उलटी करून पाहिली, शिटी फुंकून पाहिली. मग म्हणाले, "ठीक है. बसा बाई."

"बसत नाही," चंद्रकला म्हणाली. "इचारा जी तुम्ही."

जागेश्वरने घसा साफ केला. "भैयाजी, बसले ते सारे कामावर हायेत. उभा राह्यलो तो मी घरी चाललो. काहून?"

भैयाजींनी टेबलावरचे कागद नीट केले. छताकडे पाहिलं. मग दाराकडे तोंड करून म्हणाले, "अगला."

बाकावरून कोणी उठलं नाही. देवाजी आपल्या चपलांकडे पाहत राहिला. तेवढ्यात गिरणीचा भोंगा वाजला, लांब, खर्जातला, आणि बाकावरच्या सगळ्या पाठी एकदम ताठ झाल्या. जागेश्वरचे गुडघे किंचित हलले. चंद्रकला गाठोड्याचं रिकामं फडकं झटकून त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"मी सुटलो का नाही, भैयाजी," भोंगा थांबल्यावर तो म्हणाला, "तेवढं सांगा. आम्ही उभे आहो."