मेयर अक्कांचे यजमान

सदाशिव पिसे यांचं कापडाचं दुकान हुबळीच्या कोप्पीकर रोडच्या आतल्या गल्लीत. एका दुपारी गिऱ्हाईक नसताना पांढऱ्या शर्टातला एक अनोळखी माणूस आला आणि त्यानं कोरा मांजरपाट मागितला. सदाशिवनी ठाण उलगडलं. हे कापड बहुतेक कशासाठी नेतात ते त्यांना ठाऊक होतं. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "घरात कोण गेलं?"

"अजून नाही गेलं. उंचीला तुमच्या खांद्याएवढी आहे. त्या मापानं फाडा."

कात्री थांबली.

"मेयर अक्कांना नमस्कार सांगा. उद्या नाल्याकडे फिरकू नका म्हणावं." कापड तसंच टाकून माणूस शांतपणे निघून गेला.

सदाशिवनी भरदुपारी शटर ओढलं. कुलूप लावायचंही राहिलं.

मेयर अक्का म्हणजे त्यांची बायको मालती. लग्न होऊन हुबळीत आली तेव्हा तिला कन्नडचा गंध नव्हता. भाजीवाल्या बायकांशी घासाघीस करत ती शिकली. बाजारात बायकांसाठी मुतारी नाही म्हणून त्या दिवसभर पाणी पीत नाहीत, हे कळल्यावर त्यांना घेऊन ती पालिकेच्या साहेबांच्या दारात जाऊन बसायची. मुतारी झाली, आणि त्याच बायकांनी तिला नगरसेवक केलं. सभागृहात तिचं कन्नड ऐकून लोक खिदळायचे. पुढं त्यांनीच तिला महापौर निवडलं. दुकानदार मराठी घरातली बाई त्या खुर्चीवर पहिल्यांदाच बसली.

आणि गेल्या पावसात गंगव्वा बुडाली. एका बिल्डरनं नाल्यावरच मार्केट उभारलं होतं. पाणी उलटं फिरून खालच्या गल्लीत शिरलं आणि ती आंधळी म्हातारी खाटेवरच गेली. मालती कमरेएवढ्या पाण्यातून तिथं पोचली होती. तेव्हापासून तिनं तो विषय सोडला नाही. आता ते मार्केट उद्याच पाडायचा हुकूम निघाला होता.

सदाशिवनी घरी येऊन सगळं सांगितलं. मालतीनं पोलिसांना फोन केला आणि मग भिंतीला टेकून बसली.

"अहो, मलाही भीती वाटते. हल्ली रोज सकाळी उलटी होते. पोरांना पित्त म्हणून सांगते."

"मग सोड ना! वर्षाची खुर्ची, तीही संपत आली."

"म्हणूनच. माझ्यानंतर कोण हात घालणार?" ती म्हणाली. "तुम्ही मात्र येऊ नका. तुम्ही दिसलात तर मी मागं फिरेन."

पण त्यांना घरात बसवेना. सकाळी ते गर्दीत मागं उभे राहिले. पोलीस होते, जेसीबी होता, मालती अगदी पुढं होती. तेवढ्यात चहाच्या गाड्याजवळ तो पांढरा शर्ट दिसला. माणसाचा हात खिशात होता.

 लोकांना ढकलत सदाशिव धावले आणि मालतीच्या पाठीला पाठ लावून त्या माणसासमोर छाती करून उभे राहिले. डोळे आपोआप मिटले.

काहीच झालं नाही. डोळे उघडले तेव्हा तो माणूस मोबाईल काढून त्यांचंच चित्रण करत होता. हसत होता.

"हेदरबेडी अण्णा, घाबरू नका," एक हवालदार म्हणाला. तोवर माणूस गर्दीत मिसळलाही. मागं स्लॅब कोसळला आणि तुंबलेलं काळं पाणी धडधडत सुटलं. मालतीनं वळून पाहिलं. त्यांचं मनगट इतकं घट्ट धरलं की बोटं रुतली.

अर्धं मार्केट पडलं, उरलेल्याला बिल्डरनं स्थगिती आणली. पांढरा शर्ट कधी सापडला नाही. पुढच्या निवडणुकीत पक्षानं मालतीला तिकीट दिलं नाही. यंदा मात्र खालच्या गल्लीत पाणी शिरलं नाही.

सदाशिवांची भीती काही गेली नाही. मालती साध्या भाजीला निघाली तरी ते अंतर ठेवून मागं चालतात. तिला ते माहीत आहे. ती कोपऱ्यावर उगाच चप्पल नीट करत थांबते, ते जवळ येईपर्यंत.