अकरा नंबरचा धूर

आमच्या अरसीकेरेच्या फोटो क्लबात एक वाईट रीत आहे. जो जिंकतो त्याला पुढच्या स्पर्धेत फोटो पाठवता येत नाही. त्याला परीक्षक करतात. विषयही त्यानेच द्यायचा. गेल्या खेपेला माझ्या विहिरीच्या फोटोला पहिला नंबर मिळाला आणि मी, नंजुंडय्या, वीज खात्यातला निवृत्त इंजिनियर, आपल्या हाताने आपल्याला खड्ड्यात घालून मोकळा झालो. विषय म्हणून मी बॅकलाइट दिला.

विषय देऊन गप्प बसलो असतो तरी निभावलं असतं. पण मला बोलायची हौस. फय्याजच्या स्टुडिओवरच्या हॉलमध्ये मी तासभर भाषण ठोकलं. म्हटलं, सूर्य पाठीशी घेऊन फोटो कुणीही काढतं. सूर्य समोर ठेवा, माणूस मध्ये ठेवा आणि मग बघा. माणूस काळा होतो, पण जे जे पातळ आहे ते पेटून उठतं. पान, केस, कोंबड्याचा तुरा, धूळ, वाफ, धूर. धुरावर मी जरा जास्तच वेळ बोललो, आणि घरी येऊन तेच भाषण बायकोला पुन्हा ऐकवलं. सर्वमंगला नाचणीच्या पिठाचे उंडे, आमच्याकडचे मुद्दे, घोटत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि हात धुऊन जेवायला या म्हणाली.

आता धुराचं सांगतो, कारण सगळी गोची तिथेच आहे. दोन वर्षांपूर्वी म्हैसूरला माझ्या हृदयात दोन स्टेंट बसवले. त्या दिवशी मंगलाच्या डोक्यावर हात ठेवून मी शपथ घेतली की पुन्हा विडीला शिवणार नाही. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. तेव्हापासून मी रोज सकाळी सहाला निघतो, तळ्याच्या बांधावरून पंप हाऊसपर्यंत जातो आणि पंप हाऊसच्या मागे उभा राहून एक विडी ओढतो. रविवारी दोन. परतताना तोंडात वेलदोडा. चालण्याने यांची तब्येत किती सुधारली, असं मंगला साऱ्या गल्लीला सांगत असते, आणि ते अगदीच खोटं नाही. विडीसाठी का होईना, मी रोज तीन किलोमीटर चालतो.

बायकोला घाबरतो म्हणून लपवतो, असं म्हणून मोकळं होता येईल. पण खरी गोष्ट वेगळी आहे. ऑपरेशनच्या दिवशी ती हॉस्पिटलच्या लोखंडी बाकावर नऊ तास एकटी बसून होती. पाण्याची बाटली तिने उघडलीसुद्धा नव्हती. तिला पुन्हा त्या बाकावर बसवायचं नाही, असं मला मनापासून वाटतं, आणि तरी सकाळी पाय पंप हाऊसकडेच वळतात. माझी मला लाज वाटते, पण ती साडेसहा वाजता, विडी संपल्यावर.

स्पर्धा रविवारी सकाळी दहाला होती. मंगला कधी क्लबात येत नाही. फोटोवाल्यांच्या गप्पांपेक्षा कुकरची शिट्टी बरी, असं तिचं मत. त्या दिवशी मात्र कोडबळ्यांचा, म्हणजे आमच्याकडच्या कडबोळ्यांचा, डबा घेऊन माझ्या आधी चप्पल घालून तयार. मी म्हटलं, कंटाळशील. ती म्हणाली, बघू तरी.

हॉलमध्ये काळ्या कापडावर सतरा फोटो टाचलेले होते. नाव कुठेच नाही, फक्त नंबर. कोणता नंबर कुणाचा याची यादी फय्याजच्या खिशातल्या बंद पाकिटात. परीक्षकाने प्रत्येक फोटोसमोर उभं राहून सगळ्यांदेखत बोलायचं, मग नंबर द्यायचे, मग पाकीट फोडायचं. आणखी एक नियम असा की कॉम्प्युटरवर फोटोत काही घुसडलेलं आढळलं, तर फोटो बाद आणि काढणारा वर्षभर क्लबाबाहेर. हा नियम चन्नकेशव हेडमास्तरांनी आणलेला. त्यांनी चाळीस वर्षं पोरांच्या कॉप्या पकडल्या आणि निवृत्तीनंतर पकडायला कुणी उरलं नाही.

सतरापैकी सहा फोटोंत मेंढ्या होत्या. संध्याकाळचा सूर्य, उडालेली धूळ, पुढे काठीवाला मेंढपाळ. सहाही फोटोंत मेंढ्या एकाच माणसाच्या, निंगप्पाच्या, कारण धूळ नीट उडाली नाही म्हणून कळप पुन्हा मागे नेऊन आणायला आमच्या भागात तो एकटाच तयार होतो. त्या गरीब जनावरांना एकेका संध्याकाळी चार-चार वेळा घरी नेलं होतं. सहाव्या फोटोत मेंढ्यांनी सरळ बसून घेतलं होतं आणि निंगप्पा एकटाच ऐटीत चालला होता. तो फोटो हेडमास्तरांचा, हे मला यादीशिवाय कळलं. मी म्हटलं, मेंढ्यांच्या चेहऱ्यावरचा वैताग उत्तम टिपला आहे. हॉल हसला आणि हेडमास्तर माझ्याकडे बघत राहिले.

सात, आठ, नऊ झाले. दहावा कोंबडा होता, तुरा लालभडक पेटलेला, त्याचं मी भरपूर कौतुक केलं. मग अकराव्यासमोर आलो.

पंप हाऊसचा कोपरा. मागे करंजाच्या झाडांची गर्द सावली. भिंतीला टेकलेला एक माणूस, बाजूने दिसणारा, पूर्ण काळा. त्याचा कान तेवढा उजेडाने आरपार लाल झालेला. मफलरचा एकेक धागा चमकत होता. आणि तोंडातून निघालेला धूर सोन्याच्या वाफेसारखा उलगडत, वळत, वर झाडीत शिरत होता. मी चाळीस वर्षं कॅमेरा वापरतोय. असा धूर मला कधी सापडला नाही. तो माझा स्वतःचा होता तरी.

तोंड दिसत नव्हतं, एवढाच काय तो आधार. पण माझे कान सुपासारखे आहेत आणि तो मफलर मंगलाने विणलेला. ती दुसऱ्या रांगेत, मांडीवर डबा घेऊन बसली होती. आमच्याकडे पहिल्या नंबरचा फोटो मोठा करून हॉलमध्ये वर्षभर लावतात. वर्षभर मी तिथे लटकणार, विडीसकट.

 म्हटलं, प्रयत्न बरा आहे. कान फार लाल झालाय, लक्ष तिकडेच जातं. धूरही जरा अति आहे. आणि पटकन बाराकडे सरकलो. मागून कुजबुज सुरू झाली. कुणीतरी स्पष्टच म्हणालं की सगळ्यांत चांगला तोच आहे, सरांना झालंय काय. मला ऐकूच आलं नाही, असं दाखवून मी बारा नंबरच्या पिंपळपानाचे गोडवे गायला लागलो.

सतरा संपल्यावर मी पहिला नंबर कोंबड्याला जाहीर करणार, तेवढ्यात चन्नकेशव हेडमास्तर उठले. ते अकरा नंबरपाशी गेले, चष्मा कपाळावर चढवला, नाक फोटोला टेकेपर्यंत वाकले आणि म्हणाले, हा धूर खोटा आहे. कॉम्प्युटरवर चिकटवलाय. बांधावर सदा वारा असतो, तिथे धूर असा सरळ वर जाईलच कसा? फोटो बाद करा आणि माणूसही.

देवानेच धाडल्यासारखा हा मनुष्य. मला काहीही करायचं नव्हतं. नुसती मान हलवायची, की अकरा नंबर कापडावरून खाली, माझा संसार सुखरूप आणि कोंबड्याला बक्षीस. मी मान हलवायलाही सुरुवात केली होती.

तेवढ्यात माझी नजर शिवलिंगूवर गेली. हा पोस्टमन, पंचेचाळिशीचा, दोन महिन्यांपूर्वी क्लबात आलेला. सकाळी टपाल वाटताना कॅमेरा गळ्यात घालून हिंडतो, त्यामुळे पत्रं उशिरा पोचतात. तो खाली मान घालून जमिनीकडे बघत होता आणि कपाळाचा घाम पुसत होता. मला वाटलं, याचाच फोटो. पहिलाच फोटो, असा की जन्मात एकदा मिळतो, आणि भर सभेत चोर ठरतोय. तो खरा आहे हे सांगू शकणारा जगात एकच साक्षीदार, आणि तो कोंबड्याची तारीफ करतोय.

मी दुसऱ्या रांगेकडे पाहिलं. मंगला डब्याच्या झाकणावर बोटं ठेवून शांत बसली होती.

"धूर खरा आहे," मी म्हटलं.

"पुरावा काय, इंजिनियरसाहेब?" हेडमास्तर म्हणाले. "वारा तुमच्या खात्यातला आहे का, बटण दाबलं की बंद?"

"साडेसहापर्यंत पंप हाऊसच्या मागे वारा नसतो. भिंत अडवते. धूर सरळ वर जातो आणि करंजाच्या पहिल्या फांदीला लागला की डावीकडे वळतो."

"तुम्हाला बरं ठाऊक."

"मला ठाऊक आहे, कारण तो धूर माझा आहे. कान माझा, मफलर माझा, विडी माझी. रोज सकाळी तिथे उभा राहून मीच ओढतो."

हॉलमध्ये इतकी शांतता झाली की खालच्या स्टुडिओत कुणाला तरी हनुवटी वर करा म्हणून सांगत होते, तेही ऐकू आलं. मंगलाकडे बघायची माझी छाती झाली नाही. सगळं बुडालंच होतं, मग हातचं राखून काय ठेवायचं? मी अकरा नंबरकडे वळलो आणि मघाशी जे गिळलं होतं ते सगळं बोललो. मागची सावली कशी अचूक निवडली आहे, कान कसा एवढासा पेटला आहे की त्या काळ्या आकृतीत जीव आला, धूर फाटायच्या आधीचा क्षण कसा पकडला आहे. म्हटलं, माझ्या विहिरीच्या फोटोपेक्षा हा दसपट चांगला आहे. पहिला नंबर अकरा.  शिवलिंगूने अजून मान वर केली नव्हती.

फय्याजने पाकीट फोडलं. यादीवरून बोट फिरवलं, थांबला, माझ्याकडे पाहिलं आणि हसू दाबत वाचलं, "अकरा. सर्वमंगला नंजुंडय्या."

शिवलिंगूचा फोटो चौदा नंबरचा निघाला. तो उलटा टाचला गेला होता आणि सांगायची त्याला भीती वाटत होती.

हेडमास्तर पुन्हा उभे राहिले. नवऱ्याने बायकोला पहिला नंबर दिला, हा वशिला आहे, असं त्यांचं म्हणणं. फय्याज म्हणाला, "मास्तर, असा वशिला लावणारा नवरा तुम्ही कुठे पाहिलाय? जरा त्यांच्या तोंडाकडे बघा." तेव्हा कुठे ते बसले.

मग फय्याजने मंगलाला चार शब्द बोलायला पुढे बोलावलं. तिने डबा शेजारणीकडे दिला, पदर सारखा केला आणि गल्लीत भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. कॅमेरा यांचाच, फिरायला जाताना हे तो घरी ठेवून जातात. पहिल्या दिवशी ढग होते. दुसऱ्या दिवशी यांनी तोंड पलीकडे केलं. तिसऱ्या दिवशी सगळं छान जुळलं होतं, पण हे ऐन वेळी खोकले. चौथा दिवस रविवार होता. रविवारी दोन ओढतात, म्हणून पहिल्या विडीला उजेडाचा अंदाज घेतला आणि दुसऱ्या विडीला फोटो काढला.

लोक हसून हसून खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहिले. मीही हसलो, कारण दुसरं काही सुचेना. पण आत काहीतरी टोचायला लागलं होतं. कोडबळी संपली, कॉफी झाली, आम्ही दोघं घराकडे निघालो आणि बाजार ओलांडल्यावर मी तिला विचारलंच. म्हटलं, चार दिवस तू झाडाआडून बघत होतीस. एकदाही येऊन हात धरला नाहीस. मला तिथे काही झालं असतं तर?

 रस्त्यावर नारळाची गाडी आडवी लावली होती, तिला वळसा घालून आम्ही पुढे गेलो.

"चार नाही, पाच दिवस," ती म्हणाली. "त्याच्या आदल्या दिवशी तुम्ही गोळी विसरला होतात, ती द्यायला आले होते. तुम्हाला बघितलं आणि रडू फुटलं. तिथल्या तिथे ओरडणार होते. तेवढ्यात धुरावर ऊन आलं, तुम्ही सांगितलं होतं अगदी तसं. मी डोळे पुसले आणि पुन्हा पाहिलं. तुम्ही मरायला निघालात आणि इतके छान दिसताय, असा राग आला मला."

 तिने चालता चालता हात पुढे केला. मी कोटाच्या आतल्या खिशातून बंडल काढून त्या हातावर ठेवलं.

"आता फोटो झालाय माझा," मंगला म्हणाली. "उद्यापासून तुम्ही ओढायचं काही कारण नाही."