वाढत्या अंगाची गादी

मी एक जुना पलंग आहे, आणि तोही लहान मुलांचा. एखाद्या मोठ्या माणसाने माझ्यावर अंग टाकलेच, तर त्याची पावले बाहेर लोंबकळतात. सध्या मी बदलापूर पश्चिमेला, मांजर्लीतल्या एका तळमजल्यावरच्या घरात, खिडकीखालच्या भिंतीला लागून उभा आहे. मित्रांनो, तुम्हाला मी एका गादीची गोष्ट सांगणार आहे. त्या गादीमुळे मला या घरातून घालवायचे जवळजवळ ठरले होते.

माझा जन्म उल्हासनगरचा. पाडलेल्या एका इमारतीची सागवानी दारे नाथा नावाच्या सुताराने आणली आणि त्यांतून मला घडवले. माझ्या पायांवर बिजागऱ्यांच्या खाचा अजून दिसतात. नाथाने आधी खाली आडव्या पट्ट्या ठोकल्या. मग चारही बाजूंनी उभ्या फळ्या लावल्या, जसा परातीला काठ असतो तशा. गादीने त्या काठाच्या आत बसायचे आणि काठाने गादीच्या वर चांगले चार बोटे उरायचे. झोपेत लोळणारे मूल त्या काठाला अडते आणि परत फिरते. माझ्यात हुशारीची अशी एवढीच एक गोष्ट आहे.

पहिली काही वर्षे मी अंबरनाथ पूर्वेला विनीत नावाच्या मुलाकडे काढली. त्याच्याकडे माझ्या मापाची कापसाची गादी होती. ती माझ्या काठांच्या आत अगदी चपखल बसे. विनीतने माझ्या उशाशी गाड्यांची चित्रे चिकटवली, माझ्यावर उड्या मारल्या, मित्रांना मला कौतुकाने दाखवले. पण मुले वाढतात आणि पलंग वाढत नाहीत. विनीत मोठ्या पलंगावर गेला. माझी गादी उसवून तिच्या उशा झाल्या, आणि मला गॅलरीत ठेवले. तिथे माझ्या पट्ट्यांवर कांदे पसरले जात आणि काठांवर पायपुसणी वाळत. पाऊस तिरपा आला की मी एका बाजूने भिजे. कोणी मला तोडले नाही, पण कोणी पुसलेही नाही.

मग एके दिवशी विनीतची आत्या, माया, भावाकडे आली. तिने माझे कांदे बाजूला सारले, काठावरून हात फिरवला आणि मला मागून घेतले. टेम्पोतून मी बदलापूरला आलो.

मायाला दुसरे बाळ होणार होते. तिची मुलगी राजसी सहा वर्षांची. ती आईच्या कुशीत झोपायची आणि झोपेत लाथा झाडायची. राजसीची आजी, म्हणजे मायाची सासू द्रौपदीबाई म्हणायच्या, ही पोरगी झोपेत सगळे बदलापूर फिरून येते. आता आईच्या पोटाला लाथ लागून चालणार नव्हते. खाली अंथरूण घालावे तर तळमजल्याच्या फरशीला ओल धरायची आणि मोरीकडून गोमी यायच्या. म्हणून मी हवा होतो. बाळ येण्याआधी राजसीला एकटीने झोपायची सवय लागायला हवी होती. राजसीने पहिल्याच दिवशी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगून टाकले, की हा माझा बेड आहे, आणि बाळाला यावर बसायचे असेल तर मला विचारावे लागेल.

आता फक्त गादी आणायची राहिली होती. ती आणायला राजसीचे वडील राजेंद्र उल्हासनगरला गेले. ते अंबरनाथच्या एका कारखान्यात नोकरीला आहेत आणि लेकीवर त्यांचा फार जीव आहे. मित्रांनो, या घरात एक जुनी पद्धत होती. कदाचित तुमच्याही घरी असेल. मुलांची प्रत्येक वस्तू वाढत्या अंगाची घ्यायची. राजसीच्या शाळेच्या बुटात पुढे कापूस कोंबलेला असे. गणवेशाची पट्टी आत दुमडून शिवलेली असे. रेनकोट घातला की ती चालणाऱ्या तंबूसारखी दिसे. दुकानदाराने पलंगाचे माप विचारले, तेव्हा राजेंद्रनी पलंगाचे माप सांगितलेच नाही. घरी येऊन ते अभिमानाने सांगत होते, "मी बोललो शेठला, पोरगी वाढती आहे, मोठी आणि जाडी दाखवा. दहावीपर्यंत बघायला नको."

गादी खरोखर सुंदर होती. निळी, जाड, वर फुले विणलेली. पण तिला माझ्यावर ठेवताच मला कळले, की ती माझ्यासाठी आणलेली नव्हती. रुंदीला ती माझ्या आतल्या मापापेक्षा पाच-सहा बोटे जास्त होती. राजेंद्रनी तिची बाहेरची कड गुडघ्याने दाबून काठाच्या आत बसवली. उरलेली गादी भिंतीकडे सरकली. तिथे जागा नव्हती, म्हणून ती कड भिंतीवर चढली. पायथ्याशी तिचा कोपरा मांजराच्या कानासारखा उभा राहिला. राजेंद्र म्हणाले, वापरून वापरून बसेल.

ती बसली नाही. फोमचा तो स्वभावच नाही. दाबले तर तो दबतो आणि सोडले की पुन्हा आपल्या मापाचा होतो. परिणामी झोपायची जागा भिंतीकडे उंच आणि खोलीकडे उतरती झाली. त्यात गादी जाड. माझा जो काठ चार बोटे वर असायचा, तो आता जेमतेम नखभर दिसत होता.

पहिल्याच पहाटे राजसी खाली पडली. कपाळाला टेंगूळ आले. द्रौपदीबाईंनी हळद लावली आणि झोपेला दोष दिला. दुसऱ्यांदा पडली तेव्हा ओठ फुटला. तेव्हा मात्र द्रौपदीबाई मायाला म्हणाल्या, की हा पलंगच धड नाही, रविवारी भंगारवाला आला की देऊन टाका आणि गादी घाला खाली. माया फरशीच्या ओलीचे बोलली, तर त्या म्हणाल्या, एवढी जाडजूड गादी आहे, तिला काय होतंय.

राजसीने हे सारे ऐकले. तिसऱ्यांदा पडली तेव्हा ती रडली नाही. कोपर चोळत उठली, गुपचूप वर चढली आणि भिंतीकडची चादर मुठीत घट्ट धरून पडून राहिली. मित्रांनो, मला त्या क्षणी फार वाईट वाटले. एक मूल मला वाचवण्यासाठी आपले दुखणे लपवत होते, आणि ज्या एका कामासाठी मला घडवले ते मला करता येत नव्हते.

शनिवारी दुपारी राजसी माझ्यावर बसून चेंडू खेळत होती. तिने चेंडू गादीवर ठेवला. तो आपोआप घरंगळत काठावरून खाली गेला. तिने तो उचलून पुन्हा ठेवला, आधी उशापाशी, मग मधोमध, मग पायथ्याशी. प्रत्येक वेळी तो खोलीच्याच बाजूला गेला. मग तिने खाली उतरून तो फरशीवर ठेवला. तिथे तो जागचा हलला नाही. तिने आईला हाक मारली.

"मम्मी, चेंडू पण पडतो. चेंडू काय झोपेत लोळतो का?"

मायाने चेंडू स्वतः ठेवून पाहिला. मग गादीची भिंतीकडची कड चाचपली, पायथ्याचा उभा कोपरा दाबून सोडला. शिवणाच्या डब्यातली टेप आणली आणि माझे माप घेतले, एका काठाच्या आतून दुसऱ्या काठाच्या आतपर्यंत. मग गादीचे घेतले. राजसीची बाही वर झाली तेव्हा तिला कोपरावरचा काळानिळा डागही दिसला. तिने राजसीला जवळ घेतले.

संध्याकाळी वाद झाला. द्रौपदीबाईंचे म्हणणे, गादी चांगली आहे तर पलंग काढा. मायाचे म्हणणे, पलंग चांगला आहे, गादी कापून आणा. राजेंद्र तर दचकलेच. नव्या कोऱ्या गादीला कात्री लावायची, हे त्यांच्या कल्पनेतच बसेना. चार-पाच वर्षांत पोरगी एवढी होईल, तेव्हा हीच गादी लागेल, असे ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

"अहो, गादी तेव्हाची आहे, पण पोरगी आजची आहे ना," माया म्हणाली. "ती आज पडतेय."

मग राजेंद्रनी एक अजब काम केले. ते स्वतः माझ्यावर कुशीवर आडवे झाले, पाय पोटाशी घेऊन, अगदी राजसी झोपते तसे. माझ्या पट्ट्या करकरल्या, पण मी सगळा जोर लावून त्यांना पेलले. त्यांनी अंग सैल सोडले मात्र, त्यांचा खांदा उताराने घसरू लागला. काठाला धरायला गेले, तर हाताला काठ लागलाच नाही.

"पप्पा, भिंतीकडची चादर पकडायची," राजसी म्हणाली. "मी तसंच करते."

ते उठून बसले आणि त्यांनी लेकीचे कोपर हातात घेतले.

रविवारी भंगारवाला आला. राजेंद्रनी त्याला रद्दी दिली आणि गादी रिक्षात आडवी घालून उल्हासनगर गाठले. खिशात मायाने लिहून दिलेले आतले माप होते. लांबीरुंदीला चादर खोचण्यापुरती बोटभर जागा सोडलेली होती, आणि जाडी काठाच्या चार बोटे खाली राहील एवढीच. दुकानातल्या कारागिराने खोळ उसवली, आतला वरचा थर काढला, कडा कापल्या आणि खोळ पुन्हा शिवून दिली. उरलेल्या फोमचे राजेंद्रनी दोन तक्के करून आणले, एक मायाच्या पाठीला आणि एक आपल्या आईच्या. द्रौपदीबाईंनी तक्क्याला टेकून पाहिले. मग म्हणाल्या, पलंग तसा वाईट नाही.

त्या दुपारी राजसी माझ्यावर झोपली. सगळे घर येऊनजाऊन बघत होते. थोड्या वेळाने तिचा बदलापूरचा फेरा सुरू झाला. ती भिंतीकडून वळली, पालथी झाली, पुन्हा वळली आणि थेट माझ्या बाहेरच्या काठाशी आली. तिचा गुडघा काठाला लागला. झोपेतच तिने हुं केले आणि कूस बदलून परत फिरली.

मित्रांनो, तुमच्या धाकट्या भावंडासाठी गादी आणायची ठरली, तर घरच्यांना एवढे जरूर सांगा. पलंगाचे माप काठांच्या आतून घ्या. जाडी ठरवताना गादीच्या वर काठ किती उरतो ते पाहा. उद्या मूल मोठे होईल, हे खरे आहे. पण झोपायचे त्याला आज आहे.

राजसीही मोठी होईल. एक दिवस तिची पावले माझ्या बाहेर जातील आणि मी कदाचित पुन्हा एखाद्या गॅलरीत उभा राहीन. त्याचे मला दुःख नाही. पण तो दिवस येईपर्यंत या घरातले मूल माझ्यावरून खाली पडणार नाही. ते मी पडू देणार नाही.